हायफन की अंडरस्कोर? साउंड मॉड्यूलचं सेटिंग टिकत नाही, मदत हवी आहे

मंडळी, वेंगुर्ल्यात जुन्या लॅपटॉपवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलंय, गावच्या दशावताराची रेकॉर्डिंग साफ करायला. पेटी जरा थांबून परत सुरू झाली की स्पीकरमधून ‘टक्क’! राजाच्या प्रवेशाला तर हमखास.

शोधल्यावर कळलं, साउंड चिप वीज वाचवायला झोपते. ‘पॉवर_सेव्ह’ हे सेटिंग ० केलं की ती जागी राहते. चिप चालवणाऱ्या मॉड्यूलची (कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात जोडला जाणारा ड्रायव्हर) फाइल ‘एसएनडी-एचडीए-इंटेल.केओ’, पण एलएसमॉडमध्ये (चालू मॉड्यूलांची यादी दाखवणारी कमांड) तेच नाव अंडरस्कोरने दिसतं. मॉड्यूल चढवणाऱ्या मॉडप्रोब कमांडला दोन्ही चालतात, करून पाहिलं.

मग मॉडप्रोबची सेटिंग्ज असतात त्या ‘मॉडप्रोब.डी’ फोल्डरात पॉवर_सेव्ह ० ठेवणारी ऑप्शन्सची ओळ घातली. आधी फाइलच्या नावाला ‘.कॉन्फ’ लावायलाच विसरलो, आणि तशी फाइल वाचलीच जात नाही. दोन संध्याकाळी त्यात गेल्या (मध्ये लाइटही गेली, ते वेगळंच).

आता नाव बरोबर आहे, तरी रीस्टार्टनंतर ‘/सिस/मॉड्यूल’मध्ये (चालू मॉड्यूलांची सध्याची सेटिंग्ज इथे दिसतात) बघितलं तर पॉवर_सेव्ह १. तिथे हाताने ० लिहिलं की टक्क बंद. चार्जर काढला की परत १!

इनिट्रॅमएफएस (सिस्टिम सुरू होताना आधी लोड होणारी छोटी फाइल) नव्याने बनवायला हवं का? की बॅटरी वाचवणारा एखादा प्रोग्रॅम माझ्या ओळीवर बोळा फिरवतोय? तो कोणता, हे कसं पकडायचं?