नवी व्हॅन दारात आली तेव्हा... तुमचे अनुभव लिहा

कोरापान
आज दुपारी नवीन व्हॅन आली. चावी फिरवायच्या आधी दहा मिनिटं नुसतीच सीटवर बसून होते. नव्या गाडीचा तो रबराचा वास नाकात गेला आणि वीस-बावीस वर्षांपूर्वीची आमची पहिली व्हॅन डोळ्यांपुढे उभी राहिली.

छपाईचा व्यवसाय तेव्हा नुकता सुरू केला होता. गाडी येऊन नऊ दिवस झाले होते. कागदाचे ६० बॉक्स आणायचे होते. मागचं दार उघडलं आणि उतरवायला सोपं पडेल म्हणून जमतील तितके दाराशीच रचले. ८० जीएसएमच्या ए-फोर कागदाचं एक रीम अडीच किलोचं असतं, बॉक्समध्ये पाच रीमं. म्हणजे साडेसातशे किलो, आणि त्यातलं बरंचसं मागच्या चाकांच्याही मागे. सरळ रस्त्यावर काही कळलं नाही. वळण आलं आणि स्टिअरिंग हातात एकदम हलकं लागलं. मी फिरवतेय, गाडी आपली सरळच चाललीय. समोरून कुणी येत नव्हतं, एवढ्यावर वाचलो.

शेजारी सासरे बसले होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. एक शब्द बोलले नाहीत. गाडी कडेला घेतल्यावर खाली उतरले आणि एकेक बॉक्स उचलून पुढे, सीटच्या मागच्या जाळीला टेकवून ठेवायला लागले. मग मीही लागले. जड माल खाली, पुढे आणि दोन्ही बाजूंना सारखा, हे त्या दिवशी हातांनीच शिकले.

अण्णा आता नाहीत. आज फार आठवण आली म्हणून लिहायला बसले. तुमची गाडी नवीन होती तेव्हा तुम्ही काय शिकलात? चालवण्यातलं, निगा राखण्यातलं, डिझेल वाचवण्यातलं, काहीही चालेल.

चाकोरी
काटा आला अंगावर. अभिनंदन ताई नव्या गाडीचं.

पाचवा गिअर
आमच्याकडे उलटं झालं. माल पुढेच होता पण बांधलेला नव्हता. प्लंबिंगचं काम आहे माझं. पाइप, पाने, लोखंडी पेटी, सगळं मोकळं. एक कुत्रा आडवा आला, ब्रेक दाबला. गाडी थांबली, पेटी थांबली नाही. सीटच्या पाठीवर येऊन आदळली, आठवडाभर पाठ दुखत होती. मध्ये पत्र्याची भिंत नसती तर काय झालं असतं ते मनात आणवत नाही. त्यानंतर रॅचेटचे पट्टे घेतले. फरशीत कड्या दिलेल्या असतात त्या शोधा, बऱ्याच जणांना माहीतच नसतं की त्या असतात. अर्ध्या तासाने थांबून पट्टे पुन्हा आवळायचे, माल बसला की ते सैल पडतात.

दूरचा दिवा
कोरापान ताई, पहिले हजार-दीड हजार किलोमीटर जपा. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत नेमका आकडा असेल तो बघा, तोच खरा.

मी पहिली व्हॅन घेतली तेव्हा एकाने सांगितलं, नवीन इंजिन ४० च्या वर न्यायचं नाही. मी प्रामाणिकपणे महिनाभर ४० ने चालवली, तीही टॉपच्या गिअरला. गाडी थरथरायची, मला वाटायचं नवीन आहे म्हणून होत असेल. नंतर एका जुन्या मेकॅनिकने समजावलं की कमी आरपीएमवर इंजिन रेटत ओढायला लावणं हेही वाईटच. पिस्टनच्या रिंगा सिलेंडरच्या भिंतीवर घासून नीट बसायच्या असतात. त्यासाठी वेग थोडा कमी-जास्त होत राहायला हवा आणि इंजिनवर मध्यम ताण हवा. एकाच वेगाने तासन्‌तास नको, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा नको, आणि मोठ्या गिअरला गुदमरवायचंही नको.

ब्रेक आणि टायरचंही तेच. नवीन पॅड पहिले दोन-तीनशे किलोमीटर पूर्ण पकडत नाहीत. नव्या टायरचं रबर साच्यातून निघालेलं असतं, वरचा गुळगुळीत थर घासून जाईपर्यंत ओल्या रस्त्यावर ते घसरतात. म्हणजे गाडी सगळ्यात कोरी असते तेव्हाच पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवायचं. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मोजायला लागा, तिथे पोचायला तुम्हाला निदान दोन सेकंद लागायला हवेत. पावसात चार. ६० च्या वेगाला एका सेकंदात साधारण १७ मीटर जातो आपण.

मोगरा
अण्णांबद्दल वाचून माझे बाबा आठवले. त्यांनी मला मोकळ्या मैदानात दोन बादल्या ठेवून रिव्हर्स शिकवला. बादलीला धक्का लागला की म्हणायचे, "ते कुणाचं तरी पोर होतं समज." तेव्हा राग यायचा. आता रोज व्हॅन मागे घेण्याआधी खाली उतरून एक चक्कर मारते. मागे काच नाही, कॅमेऱ्यावर चिखल उडालेला असतो, आणि लहान मूल आरशात दिसतच नाही. उठून जातेय, कपडे वाळत घालायचेत, नंतर लिहिते.

रानवाट
रंग कुठला घेतलात?

कोरापान
@रानवाट पांढरा. लेकीला निळा हवा होता. पण रात्री रस्त्याकडेला उभी असली तरी दुसऱ्यांना लवकर दिसते आणि उन्हात आत कमी तापते.

@मोगरा बादल्यांची कल्पना लेकीसाठी उचलतेय.

स्वल्पविराम
माझा अनुभव वहीचा. पहिल्या टाकीपासून प्रत्येक वेळी टाकी फुल करायची, किलोमीटर आणि लिटर लिहून ठेवायचे, भागाकार करायचा. डॅशबोर्डवर ॲव्हरेज दिसतं, पण वहीतलं जास्त खरं.

आमची १३ द्यायची. एका महिन्यात १२, मग ११. रस्ता तोच, माल तोच. भावाला म्हटलं, काहीतरी होतंय. एकदा वीसेक किलोमीटर जाऊन आल्यावर चाकांजवळ हात नेऊन बघितला (लावायचा नाही, नुसता जवळ न्यायचा), तर मागचं डावं चाक भट्टीसारखं. ब्रेक अडकून राहत होता. वॉरंटीत होती म्हणून दुरुस्त करून मिळाली. वही नसती तर आणखी दोन महिने डिझेल जाळलं असतं आणि ब्रेकही गेले असते.

आणि वेग. व्हॅन म्हणजे चालती भिंत. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ८० वरून १०० ला गेलं की तो दीडपटीहून थोडा जास्तच होतो. माझ्या वहीत ८०-८५ ने केलेल्या फेऱ्या आणि १०० ने केलेल्या फेऱ्या डोळे मिटून ओळखता येतात. छतावरचं रिकामं कॅरियर काढून ठेवलं तेव्हाही फरक दिसला.

पाचवा गिअर
@स्वल्पविराम उतारावर न्यूट्रल करता का? माझा हेल्पर म्हणतो वाचतं.

स्वल्पविराम
अजिबात नको दादा. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये गिअरमध्येच ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला उलट इंधन लागतं.

घाटमाथा
हे वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. माझ्या चुलत्यांनी भरलेली व्हॅन घाटात न्यूट्रलला सोडली होती. सगळा भार ब्रेकवर. तिसऱ्या-चौथ्या वळणाला जळका वास, मग पेडल दाबलं तरी ब्रेक पकडेना. कशीबशी दुसऱ्या गिअरला टाकून, हँडब्रेक थोडा थोडा ओढत चढणीच्या बाजूच्या मातीत घातली. चौघं होते आत. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका आणि इंजिनला गाडी धरू द्या. ब्रेक दाबून धरून ठेवायचा नाही, थोडा वेळ ठामपणे दाबायचा आणि सोडायचा. काका अजून त्या वळणाला गाडी थांबवून खाली उतरतात.

चाकोरी
बाप रे. काका बरे आहेत ना आता?

घाटमाथा
हो हो, ठणठणीत.

सायंतारा
माझी मुलांना ने-आण करायची व्हॅन आहे. मालापेक्षा वेगळी काळजी. सरकत्या दाराच्या खाचेत खडे अडकतात आणि दार अर्धवट लागतं. मुलांना वाटतं लागलं. मी रोज सकाळी ब्रशने खाच साफ करते आणि दार स्वतः ओढून बघते. बोटं सापडतात त्याचीही भीती. प्रत्येक मुलाला स्वतंत्र पट्टा, मांडीवर कुणी नाही, एक जास्त घे म्हणून कुणी कितीही आग्रह केला तरी नाही. शेवटचं मूल उतरलं की शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन बघते. एकदा एक चिमुरडी मागे झोपली होती. मी वळून पाहिलं म्हणून कळलं. आजही आठवलं की छातीत धस्स होतं.

रानवाट
सायंताराताई, मुलांना गाडी लागते त्याला काय करता? आमचा धाकटा दहा मिनिटांत पांढरा पडतो.

सायंतारा
पुढच्या बाजूला, खिडकीशी बसवा आणि लांब बाहेर बघायला सांगा. मोबाइल, पुस्तक काही नको. निम्मं काम ड्रायव्हरचं असतं. मी गचके न देता चालवायला लागल्यापासून फार कमी झालंय. लांबूनच सिग्नल बघून पाय काढायचा, हळूहळू वेग घ्यायचा. पोरांचं पोट आणि डिझेल दोन्ही वाचतं.

रानवाट
करून बघतो. धन्यवाद ताई.

बोरीची सावली
आमच्या व्हॅनच्या फेऱ्या दोन-तीन किलोमीटरच्या. दिवसातून पंधरा वेळा बंद-चालू. चार महिन्यांत डॅशबोर्डवर काजळीच्या फिल्टरचा दिवा लागला. मी म्हटलं, गाडी चालतेय ना, बघू नंतर. ते नंतर म्हणजे टो करून नेली. तिथे कळलं की डिझेलच्या नव्या गाड्यांत हा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी गाडी चांगली तापून सलग चालावी लागते. आता दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटं मोठ्या रस्त्यावर एका वेगाने नेऊन आणतो. थांबल्यावर पंखा जोरात चालू असेल, इंजिन नेहमीपेक्षा वरच्या आरपीएमवर असेल, तर समजायचं सफाई चाललीय, लगेच बंद करायची नाही. तुमच्याही फेऱ्या लहान असतील तर सुरुवातीपासूनच हे करा. आणि ऑइल पुस्तिकेत दिलंय त्याच ग्रेडचं.

पाचवा गिअर
निळ्या झाकणाच्या टाकीबद्दलही लिहा कुणीतरी. हेल्परने त्यातलं डीईएफ (धूर साफ करायला लागणारं युरियाचं पाणी) डिझेलच्या टाकीत ओतलं होतं.

बोरीची सावली
चावी फिरवली का त्याने?

पाचवा गिअर
नाही, माझ्या लक्षात आलं लगेच. ढकलून बाजूला घेतली, टाकी रिकामी करवली.

बोरीची सावली
वाचलात. चालू केली असती तर पंप, इंजेक्टर सगळंच गेलं असतं.

दूरचा दिवा
हवेबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे असतात. मागच्या चाकांमध्ये फरक बराच असतो. हवा टायर थंड असताना बघायची. कमी हवा असली की टायरच्या दोन्ही कडा झिजतात, जास्त असली की मधला पट्टा. आणि गाडी रिकामी असताना मागून हलकी असते, ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की मागचा भाग बाजूला सरकू पाहतो. लोक भरलेल्या गाडीला घाबरतात, रिकामीलाही जपा.

मोगरा
आले परत. एक राहिलं. रात्री समोरून येणारे सगळे मला डिपर मारायचे. मला वाटायचं चुकून हायबीम राहिलाय. तसं नव्हतं, मागे माल भरला की गाडीचं नाक वर होतं आणि दिवे थेट समोरच्याच्या डोळ्यांत. स्टिअरिंगच्या बाजूला ० ते ३ आकडे असलेली छोटी चकती आहे. माल असला की ती फिरवून दिवे खाली करायचे. दोन वर्षं मी ती पाहिलीच नव्हती.

स्वल्पविराम
आत्ता जाऊन बघितलं. माझ्याकडेही आहे!

चाकोरी
मी फारसं लिहीत नाही इथे. माझा धाकटा भाऊ पहाटे माल पोचवून परत येत होता. गाडी सहा आठवड्यांची. झोप लागली. दुभाजकावर गेली. पट्टा होता, एअरबॅग उघडली, पायाचं हाड मोडलं पण जीव वाचला. तो सांगतो, झोप येतेय हे अर्धा तास आधीपासून कळत होतं, काच खाली करून, गाणी मोठ्याने लावून रेटत होता. त्याने झोप जात नाही. दर दोन तासांनी थांबा. डोळे जड झाले तर सुरक्षित जागा बघून गाडी बंद करून वीस मिनिटं झोपा. उशीर झाला तर होऊ दे.

मोगरा
भावाला जपा चाकोरीताई. पाय बरा आहे ना?

चाकोरी
हो, चालतो आता. पुन्हा व्हॅनही चालवतो. रात्रीची मात्र नाही.

घाटमाथा
कोरापान ताई, उद्या उजेडात एक करा. स्टेपनी एकदा उतरवून बघा. व्हॅनची स्टेपनी गाडीच्या पोटाखाली केबलला टांगलेली असते, धूळ-पाण्याने ती गंजून बसते आणि नेमकी भर पावसात हवी असते. गाडी नवीन आहे तोवर एकदा खाली-वर करून हात बसवा. जॅक, पाना कुठे आहेत तेही बघा. आणि चाक बदललं कधी, तर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्या.

कोरापान
सगळ्यांचे मनापासून आभार. चाकोरीताई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही.

सकाळी लेकीला घेऊन स्टेपनी उतरवली. बोल्ट मागच्या दाराच्या उंबऱ्यात निघाला. तिनेच पान्याने फिरवून खाली घेतली, मी फक्त दिवा धरला. वर चढवताना पहिल्यांदा वाकडी बसली, पुन्हा केली. दाराच्या चौकटीवरचे हवेचे आकडे तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत. जॅक मात्र सापडत नाहीये.

घाटमाथा
शेजारच्या सीटच्या पायापाशी चौकोनी प्लॅस्टिकचं झाकण असेल, ते ओढा.

कोरापान
सापडला.