सल्ला हवा: ज्वारीचं पोटॅशियम चॅनल यीस्टमध्ये, कोणता स्ट्रेन (वाण) घेऊ?

मालदांडी_ताई: सोलापूर, एमएस्सी बायोटेक, शेवटचं वर्ष. ज्वारीच्या मुळातलं पोटॅशियम चॅनल (पेशीच्या पटलातून पोटॅशियम जाऊ देणारं प्रोटीन) यीस्टमध्ये चालतं का ते बघायचंय. बजेट १५ हजार, प्रायमर (जनुकाच्या प्रती काढायला लागणारे डीएनएचे तुकडे) धरून.

जुनी_मिल: ई. कोलाय जिवाणू घ्या. रात्रीत वाढतं, स्वस्त पडतं. आमची सगळी प्रोटीनं त्यातच निघाली.

शेंगाचटणी: तुमची पाण्यात विरघळणारी असतील. पटलातली प्रोटीनं त्यात बऱ्याचदा गुठळ्या होऊन बसतात. पिकिया नावाचं यीस्टच घ्या. उंदराच्या केव्ही १.२ या पोटॅशियम चॅनलची रचना २००५ मध्ये मिळाली, ते प्रोटीन पिकियातच बनवलेलं. आमच्याकडे पाच लिटरचा फर्मेंटर (यीस्ट वाढवायची टाकी) आहे, काय सुरेख चालतो!

कडक_भाकरी: १५ हजारांत फर्मेंटर? शिवाय पिकियाकडून प्रोटीन बनवून घ्यायला मिथेनॉल रोज घाला. यीस्टला ३० अंश लागतात, एप्रिलात इथं पारा चाळिशीपार आणि वीज गेली की शेकर बंद. मी इन्क्युबेटर इन्व्हर्टरवर टाकलाय.





जुनी_मिल: बेकरीचं यीस्ट का नको? नवी पेठेत पाकीट मिळतं.

तळ्याकाठी: त्यात यूरा३ हे जनुक बंद केलेलं नसतं, मग ते परत देणारं प्लाझ्मिड (बाहेरून घातलेलं डीएनएचं कडं) असलेल्या पेशी निवडणार कशा? ताई, प्रोटीन शुद्ध करायच्या फंदात पडू नका, पटलातून प्रोटीन सोडवणाऱ्या डीडीएम डिटर्जंटमध्येच पैसे संपतील. टीआरके१ आणि टीआरके२ ही पोटॅशियम आत घेणारी जनुकं काढलेला सॅकरोमायसिस (बेकरीच्या यीस्टचाच प्रयोगशाळेतला स्ट्रेन) एखाद्या लॅबकडून मागवा. कमी पोटॅशियमवर तो नीट वाढत नाही. तुमचं चॅनल चाललं तर वाढेल. अ‍ॅराबिडॉप्सिसची (हे प्रयोगातलं छोटं रोप) केएटी१ आणि एकेटी१ ही पोटॅशियम चॅनलं १९९२ मध्ये अशीच सापडली. जनुक चालू करणारा प्रमोटर गॅल१ असेल तर प्लेट गॅलॅक्टोजची करा, ग्लुकोजवर जनुक दबून राहतं. मात्र नवं जनुक नको, केएटी१ वरच प्रोजेक्ट करा. वनस्पतीचं प्रोटीन यीस्ट पेशीच्या आतल्या पटलांच्या जाळ्यातच अडकलं, बाहेरच्या पटलापर्यंत पोचलंच नाही तर वर्ष जाईल.

शेंगाचटणी: मी पुन्हा तेच म्हणतोय, पिकिया घ्या.

पार्क_चौक: नवं जनुक नकोच. गाईड सही करणार नाहीत.

मालदांडी_ताई: सगळ्यांचे आभार. सॅकरोमायसिस ठरलं, पण जनुक ज्वारीचंच घेणार. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्या मुळाचं काम आपण सोलापूरकरांनी नाही तर कुणी करायचं? केएटी१ तुलनेसाठी कंट्रोल म्हणून शेजारी ठेवते. चॅनलच्या शेपटाला जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) जोडते, म्हणजे वाढ झाली नाही तरी ते कुठं अडकलं ते सूक्ष्मदर्शकात दिसेल. स्ट्रेन कुरिअरनं मागवताना बर्फ लागतो का?

तळ्याकाठी: नाही, अगारच्या स्लँटवर (नळीतल्या तिरप्या जेलीवर) येतो. आल्या आल्या ग्लिसरॉल स्टॉक (गोठवून ठेवायचा साठा) करा. आणि वाढवायच्या माध्यमात पोटॅशियम क्लोराइड जास्त घाला, नाहीतर मूळ स्ट्रेनच हातचा जाईल.