ट्रेकला रॅटलस्नेक भेटलाय का कधी? अनुभव आणि फोटो टाका

मंडळी, अमेरिकेतल्या डोंगरांत हिंडताना रॅटलस्नेक (शेपटीचा खुळखुळा वाजवणारा विषारी साप) भेटला असेल तर लिहा, राज्य, महिना, साप काय करत होता सगळं लिहा, फक्त नेमकी जागा नको आणि फोटोतलं लोकेशन काढूनच टाका. टिंबर जातीचे रॅटलस्नेक थंडी काढायला वर्षानुवर्षं त्याच कपारींत परततात, पत्ता एकदा फुटला की पकडणारेही पोचतात आणि मारणारेही.

सुरुवात मी करते. न्यू जर्सी, किटाटिनीचा डोंगर, ऑगस्ट. ऊन आलेल्या कातळावर दोन टिंबर एकमेकींवर रेलून पडलेल्या, एक पिवळी, एक जवळजवळ काळी, दोघींची पोटं टम्म. पोटुशा माद्या होत्या. यांना पहिली पिल्लं व्हायलाच 7 ते 10 वर्षं लागतात, आणि मग पुढची व्हायला आणखी तीन-चार. ते ऊन पोटातल्या पिल्लांसाठी असतं हो, आपण जवळ गेलो की त्या कपारीत शिरतात. मोठी लेन्स लावून लांबूनच फोटो काढले आणि मागच्या मागे निघाले.

ताई, आमचा कॅलिफोर्नियातला, माउंट डिआब्लो, एप्रिल. आई-बाबा भारतातून आलेले, बाबा पुढे चालत होते आणि एकदम थांबून म्हणाले इथे कुठे पाण्याचा पाईप फुटलाय का रे? तो खुळखुळ्याचा आवाज होता, गवतात नॉर्दर्न पॅसिफिक जातीचा रॅटलस्नेक बसलेला, शेपूट नुसती धूसर दिसत होती इतक्या जोरात हलत होती. आम्ही सगळे मागे सरलो तसा आवाज थांबला आणि तो निघून गेला. पोराने खुळखुळ्याचे मणी मोजून वय सांगायला सुरुवात केली, पण तसं नसतं, कात टाकली की एक मणी वाढतो, कात वर्षातून एकापेक्षा जास्त वेळाही टाकतात आणि टोकाचे मणी तुटतातही.

पेनसिल्व्हेनिया. माझ्यावाला वाजलाच नाही! पडलेल्या ओंडक्याला हनुवटी टेकवून वेटोळं घालून बसलेला, वाळक्या पानांत इतका मिसळलेला की बायकोने दाखवला तरी मला दिसेना. उंदीर, चिपमंक (छोट्या खारी) ओंडक्यावरून धावतात म्हणून तो तिथे दबा धरून बसतो. वाजवणारा वेटोळ्यातला फोटो सगळ्यांकडे असतो, पण तो घाबरलेल्या सापाचा. असा आपल्याच कामात असलेला साप मिळाला तर तोच खरा फोटो, आणि तो लांब राहिलं तरच मिळतो.

ॲरिझोना, कॅटालिना डोंगर, उन्हाळा संपत आलेला. ॲरिझोना ब्लॅक जातीच्या रॅटलस्नेकची मादी आणि तिच्याभोवती इवलीशी पिल्लं!! पहिली कात टाकेपर्यंत पिल्लं आईजवळच असतात. खूप वेळ दुर्बिणीतून बघत बसलो, एक पिल्लू आईच्या अंगावर चढायचं, घसरायचं, परत चढायचं.

मी आंबोलीकडचा. आमचा चापडा सापही याच कुळातला, डोळा आणि नाकपुडीच्या मधे तसाच उष्णता ओळखणारा खड्डा. पण चावला तर तिकडे काय करता?

दादा, 911 (इथला आपत्कालीन नंबर) लावायचा. अंगठी-घड्याळ काढायचं कारण सूज झपाट्याने चढते. दोरी आवळायची नाही, चिरा द्यायचा नाही, बर्फ लावायचा नाही, सरळ हॉस्पिटल. आणि ओळख पटावी म्हणून साप मारून न्यायची अजिबात गरज नाही, इथली अँटिव्हेनम (सापाच्या विषावरचं औषध) सगळ्या जातींच्या रॅटलस्नेकवर चालते.