मदत हवी आहे: ‘कॉड’ खाल्ल्यापासून नानांना केशरी तेल जातंय

नमस्कार मंडळी. मी जळगावची. आमच्याकडे तापीचा रोहू-कटला नेहमीचा, समुद्राचा मासा क्वचितच. परवा ‘कॉड’ लिहिलेलं गोठवलेलं पाकीट आणलं. तव्यावर चमचाभरच तेल टाकलं होतं, पण तुकड्यांनीच इतकं सोडलं की वाटीत काढून ठेवावं लागलं. तेव्हाच शंका यायला हवी होती. नानांनी (वडील, वय ७१) भाकरीबरोबर चार तुकडे खाल्ले, मी एक.

काल सकाळी त्यांच्या धोतरावर डाग दिसला, शेवभाजीच्या तर्रीसारखा केशरी. धुतला तरी तेलकटपणा जाईना. त्यांना कळतही नाही, बसल्या जागी गळतं. ताप नाही, उलटी नाही, किंचित मुरडा. मला काहीच झालं नाही. डॉक्टरांनी जुलाब समजून ओआरएस दिलं. मासा खाल्ल्याचं सांगायचं माझ्याही डोक्यात आलं नाही.

रात्री वाचत बसले तेव्हा ऑइलफिश आणि एस्कोलार ही नावं सापडली. खोल समुद्रातले मासे. त्यांच्या मांसात वजनाच्या जवळपास पाचव्या हिश्शाइतकी मेणासारखी चरबी असते. ती आपल्याला पचत नाही, तशीच बाहेर पडते. अर्ध्या तासापासून ३६ तासांपर्यंत कधीही सुरू होऊ शकतं, आणि सगळ्यांनाच त्रास होतो असंही नाही. हाँगकाँगमध्ये २००७ साली ऑइलफिश कॉड म्हणून विकला गेला होता. जपानमध्ये तर एस्कोलारच्या विक्रीवर १९७७ पासून बंदी आहे. नीट बर्फात न ठेवलेल्या बांगडा-ट्यूनाने होणारा त्रास वेगळा. त्यात तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते. नानांना तसलं काही नाही.

दोन कच्चे तुकडे फ्रीजरमध्ये आहेत, पाकीटही जपून ठेवलंय, त्यावर चौदा आकडी परवाना क्रमांक आहे. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार केली तर मासा नेमका कोणता याची डीएनए तपासणी ते करून घेतात का? कोणी असा नमुना दिला आहे का? नानांची बीपीची गोळी सुरू आहे, ती अशा वेळी नीट लागू पडते का, हेही जाणकारांनी सांगावं. डॉक्टरांकडे उद्या पुन्हा जातेच आहे.

रविवारी धरणगावला भाचीची हळद आहे. नाना यायला तयार नाहीत. “आते मना भरोसा नही,” म्हणतात आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. वय झाल्यामुळे आपलं असं झालं, हेच त्यांच्या मनात बसलंय. तुमच्यापैकी कोणाला हा त्रास झाला असेल तर किती दिवसांत थांबला ते कृपया लिहा. मला ते त्यांना वाचून दाखवायचंय.