हेडफोनात माझाच आवाज मागून येतोय, आणि रेकॉर्डिंगमध्ये तबलाही घुसतोय

गानवर्ग_मिरज
नमस्कार मंडळी. मी गाणं शिकवते. अमेरिकेतल्या विद्यार्थिनींना रियाजासाठी पलटे आणि छोटे ख्याल रेकॉर्ड करून पाठवायचे आहेत. विंडोज लॅपटॉप, यूएसबी साउंड कार्ड, कंडेन्सर माइक आणि ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर एवढा संसार आहे. एका ट्रॅकवर तीनतालाचा ठेका लावून तो ऐकत दुसऱ्यावर गाते. स्वतःचा आवाज कानात यावा म्हणून विंडोजमध्ये 'लिसन टू धिस डिव्हाइस' चालू केलंय. पण आवाज मागून येतो. विलंबितात कसंबसं निभतं, द्रुतात समेवर येणं अशक्य. शिवाय माझ्या ट्रॅकमध्ये तबलाही उतरतो. हेडफोन तर कानाला घट्ट बसणारे आहेत! रेकॉर्डिंगच्या यादीत कार्डाचं नाव दोनदा दिसतं. एकापुढे 'लूपबॅक' आहे. त्यात आवाज मोठा येतो म्हणून तेच निवडलंय. दुकानदार म्हणतो महागातलं कार्ड घ्या. घेऊ का?

बफरवाला
एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिरात कार्डापर्यंत नेणारं सॉफ्टवेअर) टाका, बफर (आवाज साठवून पुढे पाठवायचा तुकडा) १२८ करा. विषय संपला.

जुना_रेकॉर्डिस्ट
नाही हो, विषय तिथे सुरूच होत नाही. ताई, पैसे राहू द्या, कार्डाचा काही दोष नाही. लूपबॅक म्हणजे माइक नव्हे. हेडफोनकडे जे जे चाललंय ते परत उचलून रेकॉर्ड करणारी ती वाट. तुमचा आवाज माइकातून आत येतो, 'लिसन'मधून हेडफोनकडे निघतो, तिथे त्याला तबला भेटतो आणि दोघं मिळून लूपबॅकने ऑडॅसिटीत शिरतात. म्हणून आवाज उशिरा आणि तबल्यासकट. खात्री करायची असेल तर 'लिसन' बंद करून, ठेका थांबवून, माइकपुढे चुटकी वाजवा. मीटरचा काटा हलायचा नाही.

तेव्हा यादीतलं दुसरं नाव घ्या, चॅनेल मोनो ठेवा, 'लिसन' कायमचं बंद. मग कार्डावर 'डायरेक्ट मॉनिटर'चं बटण शोधा. ते दाबलं की माइकचा आवाज कॉम्प्युटरात न जाता कार्डातूनच थेट हेडफोनला येतो. ऑडॅसिटीतलं 'प्लेथ्रू' (रेकॉर्ड होणारा आवाज हेडफोनला परत ऐकवणारी सोय) चालू असेल तर तेही बंद करा, नाहीतर आवाज दुहेरी येईल.

आता बफर. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, म्हणजे आवाजाची तेवढी मोजमापं, या रेटला १२८ सॅम्पल म्हणजे २.९ मिलिसेकंद, पण ते एका दिशेचे. येताना-जाताना दोनदा, वर यूएसबी आणि कन्व्हर्टरचे वेगळे. सगळे मिळून दहा झाले तरी की-बोर्डवाला कुरकुरत नाही. साडेतीन मीटरवरच्या स्पीकरचा आवाज कानापर्यंत यायला तेवढाच वेळ लागतो. गाणाऱ्याचं तसं नसतं. आपला आवाज डोक्याच्या हाडांतून आपल्याला लगेच ऐकू येतो. पाठोपाठ तोच हेडफोनातून आला की दोन्ही मिसळतात, काही स्वर दबतात, काही फुगतात आणि सगळं नळीतून गायल्यासारखं पोकळ वाटतं. मग सूर लागला की नाही तेच कळेनासं होतं. माझ्याकडे आलेल्या कितीतरी गायिका एका कानावरचा हेडफोन सरकवून गायच्या, ते उगाच नाही.

गानवर्ग_मिरज
दादा, कमाल! डायरेक्ट मॉनिटरचं बटण सापडलं, आवाज जागच्या जागी येतो आणि तबलाही गेला. पण ठेक्याबरोबर वाजवून पाहिलं तर माझा ट्रॅक किंचित पुढे धावतोय. गाताना तर लयीत होते. आणि रेकॉर्डिंग फार बारीक येतंय.

जुना_रेकॉर्डिस्ट
लयीतच होतात. उशीर भरून काढायला ऑडॅसिटी तुमचा ट्रॅक ओढून आधीच्या वेळेवर नेते. प्रेफरन्सेसमध्ये 'लेटन्सी कॉम्पेन्सेशन' (उशिराची भरपाई) बघा, मुळात −१३० मिलिसेकंद भरलेलं असतं. तो आकडा सगळ्यांसाठी ठोकळ आहे, तुमच्या कार्डाला जास्त होतोय. तिथे शून्य घाला. हेडफोनचा एक कप माइकला टेकवा आणि मेट्रोनोमचा ठोका वाजवत नव्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. झूम करून मूळ ठोका आणि नवा ठोका यांतलं अंतर मोजा. जे येईल ते उणे चिन्ह लावून भरा. आळस करू नका. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुतात एक मात्रा २५० मिलिसेकंदांची, शंभरचा फरक पडला तर जवळजवळ अर्धी मात्रा गेली.

बारीक आवाजासाठी कार्डावरचा गेन (माइकचा आवाज वाढवायचं बटण) वाढवा, पण खर्जात गुणगुणत लावू नका. तार षड्ज खणखणीत लावा आणि मीटर −६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. तिथे फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही.

बफरवाला
डायरेक्ट मॉनिटरचं मान्य. पण त्यात रिव्हर्ब (आवाजाला दिलेला घुमारा) मिळत नाही, कोरडा आवाज ऐकत गावं लागतं. पुष्कळांना ते जमत नाही.

गानवर्ग_मिरज
मला कोरडाच बरा, चुका ऐकू येतात. गेन वाढवल्यावर मात्र बारीक घरघर येतेय. चार्जर काढला की जाते.

जुना_रेकॉर्डिस्ट
मग बॅटरीवर रेकॉर्ड करा. यूएसबी हब लावला असेल तर काढून कार्ड थेट लॅपटॉपला जोडा, आणि दुसऱ्या बाजूचं पोर्टही वापरून बघा.