मदत हवी आहे: जागतिक संकटात परदेशी विद्यापीठ आपल्या विद्यार्थ्यांसाठी नेमके काय करते?

कृष्णाकाठ:

नमस्कार. माझ्या मुलीला पदव्युत्तर शिक्षणासाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळाला आहे: एक मेलबर्नमधील विद्यापीठ आणि दुसरे अमेरिकेतील एक राज्य विद्यापीठ. अभ्यासक्रम आणि खर्च यांची तुलना आम्ही केली आहे, त्याबद्दल विचारत नाही. महामारी, युद्ध, नैसर्गिक आपत्ती किंवा अचानक बदललेले व्हिसाचे नियम अशा प्रसंगी विद्यापीठ परदेशी विद्यार्थ्यासाठी प्रत्यक्षात काय करते आणि काय करण्यास ते बांधील असते, हे मला समजून घ्यायचे आहे. आमच्या सल्लागाराचे उत्तर "विद्यापीठ सगळे बघते" एवढेच आहे. दोन्ही माहितीपत्रकांत "चोवीस तास साहाय्य" असे छापलेले आहे, परंतु त्याचा अर्थ कोठेही उलगडलेला नाही. वसतिगृह बंद झाले तर ती कोठे राहील? काही महिने भारतात परतावे लागले तर व्हिसा टिकेल का? वर्ग ऑनलाइन झाले तरी शुल्क पूर्ण भरावे लागेल का? आणि आम्हा पालकांशी कोणी बोलेल का? ज्यांनी २०२० चा काळ तेथे काढला आहे किंवा अशा कार्यालयात काम केले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

दूरदेशी:

मी अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात काही वर्षे काम केले आहे, म्हणून केवळ अमेरिकेबद्दल लिहितो.

तेथे विद्यापीठाची सर्वांत भरवशाची मदत कागदपत्रांची असते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरील विद्यार्थ्याची नोंद सेव्हिस या सरकारी प्रणालीत असते आणि ती सांभाळण्याचे काम विद्यापीठाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे डीएसओकडे, असते. विषय कमी करायचे असोत किंवा काही काळ मायदेशी यायचे असो, या अधिकाऱ्याला आधी कळवले तरच विद्यार्थ्याचा व्हिसाचा कायदेशीर दर्जा शाबूत राहतो. एरवी पाच महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास तो दर्जा संपू शकतो. २०२० मध्ये सरकारने ही अट शिथिल केली, पण ज्यांची सेव्हिसमधील नोंद चालू होती त्यांच्यासाठीच. त्यामुळे कोणालाही न विचारता विमानात बसणे हा सर्वांत महागात पडणारा निर्णय ठरतो.

कागदपत्रांच्या पलीकडे जाऊन विद्यापीठे सरकारशी भांडल्याचेही उदाहरण आहे. ज्यांचे सर्व वर्ग ऑनलाइन आहेत त्यांनी देश सोडावा किंवा प्रत्यक्ष वर्ग असलेल्या संस्थेत जावे, असा आदेश ६ जुलै २०२० रोजी निघाला. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी ८ जुलैला बोस्टनच्या संघीय न्यायालयात दावा लावला आणि १४ जुलैला सरकारने आदेश मागे घेतला. दावा दोन धनाढ्य संस्थांचा होता, परंतु त्याचा लाभ लहानशा कॉलेजातील विद्यार्थ्यालाही मिळाला. याला दुसरी बाजूही आहे. मे २०२५ मध्ये सरकारने हार्वर्डचीच परदेशी विद्यार्थी घेण्याची मान्यता रद्द केली; न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी त्या कारवाईला स्थगिती दिली, तरी तेथील हजारो विद्यार्थ्यांचा जीव टांगणीला लागला होता. विद्यापीठ कितीही मोठे असले तरी व्हिसा सरकारच्या हातात असतो, हे गृहीत धरूनच निर्णय घ्यावा.

निवारा आणि पैसा यांबाबत चित्र बरेच असमान आहे. हार्वर्डने १० मार्च २०२० रोजी पदवीच्या विद्यार्थ्यांना १५ मार्चपर्यंत वसतिगृहे सोडण्यास सांगितले. ज्यांना घरी जाणे शक्य नव्हते त्यांना राहू देण्याची विनंती करता येत होती, पण विनंती ही विनंतीच असते. भारताने २२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने उतरू देणे थांबवले आणि परदेशात अडकलेल्या भारतीयांना विमानाने परत आणणारी वंदे भारत मोहीम ७ मे रोजी सुरू झाली. अमेरिकेतील वसतिगृहांतून बाहेर पडलेली आपली अनेक मुले त्या मधल्या काळात मित्रांच्या, नातेवाइकांच्या आणि अनोळखी मराठी कुटुंबांच्या घरी राहिली. अमेरिकेच्या केअर्स या महामारी-मदत कायद्याखाली विद्यार्थ्यांसाठी आलेले आपत्कालीन अनुदानही प्रथम परदेशी विद्यार्थ्यांना नाकारले गेले आणि मे २०२१ मध्ये नियम बदलल्यावरच ते त्यांना देण्याची मुभा मिळाली. तोवर विद्यापीठाकडे स्वतःचा देणग्यांचा निधी असेल तरच काही हाती पडत असे.

पालकांच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा आपल्याला आवडणार नाही. विद्यार्थ्यांच्या माहितीची गोपनीयता राखणाऱ्या १९७४ च्या फर्पा कायद्यानुसार सज्ञान विद्यार्थ्याची माहिती त्याच्या लेखी संमतीविना कार्यालय पालकांना देत नाही. जीविताला धोका असल्यास अपवाद करता येतो, पण तो करायचा की नाही हे विद्यापीठ ठरवते. मुलीने रुजू होताच संमतीपत्र भरून द्यावे आणि आपत्कालीन संपर्कात आपला क्रमांक लिहावा.

संत्रानगरी:

मी मेलबर्नच्या एका विद्यापीठात शिकत होतो आणि सुट्टीसाठी नागपूरला आलो असताना २० मार्च २०२० रोजी ऑस्ट्रेलियाची सीमा बंद झाली. विद्यार्थ्यांसाठी ती सरसकट उघडली १५ डिसेंबर २०२१ रोजी, त्यामुळे माझ्या पदवीचा मोठा भाग नागपुरातच पूर्ण झाला. विद्यापीठाने व्याख्यानांची ध्वनिचित्रमुद्रणे दिली, मुदती वाढवल्या, समुपदेशकाची वेळही दिली. प्रयोगशाळेचे विषय मात्र पुढे ढकलले जात राहिले. काही विद्यापीठांनी देशाबाहेर अडकलेल्यांना शुल्कात सवलत दिली, काहींनी दिली नाही. आमच्याकडे ती मागितल्याशिवाय मिळाली नाही. सरकारने बाहेरून केलेला ऑनलाइन अभ्यास पदवीनंतरच्या कामाच्या व्हिसासाठी ग्राह्य धरला, हा त्यातला खरा दिलासा.

जे मेलबर्नमध्येच राहिले त्यांची स्थिती वेगळीच होती. स्वतःचा खर्च भागवता येत नसेल तर मायदेशी परतावे, असे तत्कालीन पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी ३ एप्रिल २०२० रोजी सांगितले. महामारीत नोकऱ्या टिकवण्यासाठी केंद्र सरकारने दिलेला वेतन भत्ता परदेशी विद्यार्थ्यांना नव्हता. व्हिक्टोरिया राज्याने मात्र विद्यापीठांच्या साथीने निधी उभारून प्रत्येकी ११०० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत एकरकमी मदत देऊ केली.

आपण "बांधील" हा शब्द वापरला आहे, म्हणून एक गोष्ट नमूद करतो. ऑस्ट्रेलियात परदेशी विद्यार्थ्यांसाठी ईसॉस हा २००० सालचा स्वतंत्र कायदा आहे. त्याखालील राष्ट्रीय संहितेच्या सहाव्या मानकानुसार प्रत्येक संस्थेकडे गंभीर प्रसंग हाताळण्याचे लेखी धोरण असावेच लागते, आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी संपर्क अधिकारी नेमावा लागतो. संस्था अभ्यासक्रम पूर्ण करू शकली नाही तर शुल्क संरक्षण सेवा दुसरीकडे जागा शोधून देते किंवा न वापरलेले शुल्क परत करते. ते धोरण विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधून वाचावे. माहितीपत्रकापेक्षा त्यातून बरेच अधिक समजते.

पंचगंगा:

माझा भाचा युक्रेनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत होता. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी भारतीय दूतावासाने, ज्यांचे राहणे अत्यावश्यक नाही त्यांनी तात्पुरते देश सोडावा, अशी सूचना काढली. मुले निघाली नाहीत, कारण विद्यापीठे ऑनलाइन वर्गांचे लेखी आश्वासन देत नव्हती आणि हजेरी बुडाली तर वर्ष जाण्याची भीती होती. अखेर विद्यापीठाच्या दुजोऱ्याची वाट न पाहता निघा, असे दूतावासाला २२ फेब्रुवारीला स्पष्ट सांगावे लागले. २४ तारखेला रशियाचे आक्रमण झाले. युक्रेनमधील सुमी शहरातील सुमारे ७०० भारतीय विद्यार्थी ८ मार्चला बाहेर पडू शकले. निवारा, अन्न, निधी यांची चर्चा आपण करतो, परंतु हजेरीचा नियम कोण आणि किती लवकर शिथिल करणार, हा प्रश्न माझ्या मते सर्वांआधी विचारायला हवा.

कृष्णाकाठ:

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. पंचगंगा यांनी मांडलेला मुद्दा माझ्या लक्षातच आला नसता. आता दोन्ही विद्यापीठांना ईमेल पाठवण्याचा विचार आहे. असे प्रश्न विचारल्याने प्रवेशावर काही परिणाम होईल का? शिवाय तिच्या अभ्यासक्रमात एक सत्र तिसऱ्या देशात घालवण्याचा पर्याय आहे. तेव्हा जबाबदारी कोणाची?

दूरदेशी:

प्रवेशपत्र हाती आल्यानंतर असे विचारल्याने प्रवेशाला काही होत नाही. पत्र मात्र मुलीच्या नावाने आणि तिच्याच ईमेलवरून जाऊ द्यावे, कारण पालकाच्या पत्राला बहुधा छापील उत्तर येते. "संकटात आपण मदत करता का" असे विचारू नये; त्याला "होय" याखेरीज उत्तर येणार नाही. २०२० मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह किती काळ खुले ठेवले होते, आपत्कालीन निधीतून परदेशी विद्यार्थ्याला अनुदान मिळते की केवळ कर्ज, आणि हजेरी शिथिल करण्याचा अधिकार विभागप्रमुखाकडे आहे की त्याहून वर, असे नेमके विचारावे. तीनपैकी दोन प्रश्नांना जरी सरळ उत्तर आले तरी ते कार्यालय कामाचे आहे असे समजा.

तिसऱ्या देशातील सत्राबाबत बहुतेक मोठी विद्यापीठे प्रवासाची नोंदवही ठेवतात. त्यात नाव असलेल्या विद्यार्थ्याला शोधून परत आणण्याची व्यवस्था होते. सुट्टीत स्वतःहून फिरायला गेलेला विद्यार्थी त्या यादीत नसतो, तेव्हा प्रत्येक प्रवास नोंदवलेला बरा. विमाही तपासावा. अमेरिकेत जे-१ या विनिमय कार्यक्रमांच्या व्हिसासाठी वैद्यकीय कारणाने अन्यत्र हलवण्याच्या खर्चाचे ५०,००० डॉलरचे संरक्षण सक्तीचे आहे, एफ-१ साठी अशी केंद्रीय सक्ती नाही आणि विद्यापीठ ठरवेल तेच लागू होते. आजाराशिवाय, म्हणजे युद्ध किंवा भूकंपामुळे देश सोडावा लागल्यास खर्च मिळतो का, ही ओळ पॉलिसीत वेगळी शोधावी लागते.

संत्रानगरी:

एक भर घालतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची नोंदणी करता येते. मुलगी पोहोचल्यावर तेथील पत्ता आणि स्थानिक क्रमांक त्यात भरा आणि घर बदलले की तोही बदला. अडकलेल्या गरजू नागरिकांसाठी वकिलातीकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, परंतु त्यासाठी अर्ज त्या वकिलातीकडेच करावा लागतो. विद्यापीठ तो करून देत नाही.