अमेरिकेत कॅम्पस जॉब: पोचायची वाट बघू नका

तुम्ही विचारलंय की एमएससाठी अमेरिकेत गेल्यावर कॅम्पस जॉब कधीपासून शोधायचा, तर माझं म्हणणं निघायच्या आधीपासूनच. युनिव्हर्सिटीचं स्टुडंट जॉब पोर्टल उघडून बसा, कारण डायनिंग हॉल, लायब्ररी, आयटी हेल्प डेस्क इथल्या जागा सेमिस्टरच्या सुरुवातीलाच भराभर जातात, आणि एफ-१ वर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर, क्लासेस सुरू व्हायच्या ३० दिवस आधीपासून ऑन-कॅम्पस काम करता येतं.

जॉब मिळाला की एसएसएनसाठी, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबरसाठी, दोन पत्रं लागतात, एक काम देणाऱ्या डिपार्टमेंटचं आणि एक इंटरनॅशनल ऑफिसचं.

तासांचं मात्र फार जपा हं. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, दोन जॉब असले तरी दोन्ही मिळून २०च, आणि एका आठवड्यात १८ केले म्हणून पुढच्यात २२ असलं काही चालत नाही. मॅनेजर 'अजून एकच शिफ्ट कर ना' म्हणाला तरी सरळ नाही सांगा, व्हिसा तुमचा आहे त्याचा नाही.

मी पहिल्याच दिवशी सुपरवायझरला सगळ्या परीक्षांच्या तारखा लिहून दिल्या होत्या, त्यामुळे मिडटर्मच्या आठवड्यात शिफ्ट बदलून घेताना अजिबात त्रास झाला नाही.

आणि पहिली पे-स्लिप नीट बघा, पहिली पाच कॅलेंडर वर्षं एफ-१ वाल्यांना सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर टॅक्स लागत नाही, ७.६५ टक्के कापले असतील तर लगेच पेरोलला विचारा.